पहिला मोनोफिन: आधी पाऊल, मग पातं

मोनोफिन, म्हणजे दोन्ही पावलं एकत्र अडकवायचा, एकच रुंद पातं असलेला पोहण्याचा फिन, घ्यायचं मनात आलं की नजर आधी पात्यावर जाते. साहजिकच आहे. पाऊण मीटरच्या आसपास रुंद असलेलं ते पातं नुसतं भिंतीला टेकवून ठेवलं तरी खोलीतलं दुसरं काही दिसत नाही. मग चर्चाही त्याचीच होते. कार्बन की फायबरग्लास, मऊ की कडक, अमुक विक्रमवीर कुठला वापरतो. पहिला मोनोफिन घेण्याआधी मी बरेच महिने आमच्या गटातल्या लोकांचे मोनोफिन मागून वापरले, लाल समुद्रावर दाहाबला गेले तेव्हा भाड्याने घेऊन पाहिले. या सगळ्यातून माझं मत पक्कं झालं ते असं, की पहिल्या मोनोफिनच्या बाबतीत निम्म्याहून जास्त विचार फूट पॉकेटचा करायचा, म्हणजे पाऊल जिथे अडकतं त्या रबरी बुटाचा. पात्याचा नंबर त्यानंतर. जरा सविस्तर लिहिते, कारण भारतातून मोनोफिन मागवणाऱ्याला तो आधी पायात घालून बघायची संधी सहसा मिळत नाही.

मी मूळची सांगली जिल्ह्यातली. काकांनी पाठीला डबा बांधून विहिरीत सोडलं आणि पोहायला शिकले. नोकरीनिमित्त दुबईला आल्यावर इथल्या एका गटात फ्रीडायव्हिंग, म्हणजे एका श्वासावर पाण्याखाली जाणं, सुरू झालं. सकाळी लवकर 25 मीटरच्या तलावातल्या दोन लेन आम्हाला मिळतात, आणि जमेल त्या सुट्टीला फुजैराकडे समुद्रावर जातो. दुबईसमोरचा समुद्र उथळ आहे. खोली हवी असेल तर डोंगर ओलांडून ओमानच्या आखाताच्या बाजूला जावं लागतं.

आमचे प्रशिक्षक मोनोफिनच्या बाबतीत कडक आहेत. दोन सुट्या फिन्सवर तलावात सहज 50 मीटर जाता येत नाही, समुद्रात खाली सोडलेल्या दोरावर, कानांवर येणारा दाब व्यवस्थित मोकळा करत खाली उतरता येत नाही आणि बेशुद्ध जोडीदाराला वर आणण्याचा सराव झालेला नाही, तोवर मोनोफिनला हात लावू द्यायचे नाहीत. मला हा नियम तेव्हाही पटला होता, आज तर फारच पटतो. मोनोफिनमध्ये दोन्ही पावलं एकत्र जखडली जातात. उभं राहता येत नाही, शिडी चढता येत नाही, एक पाय हलवून तोल सावरता येत नाही. शिवाय वेग इतका वाढतो की कान तयार व्हायच्या आत शरीर पुढच्या खोलीवर पोचलेलं असतं. दोन फिन्सवर ज्याचे कान अडतात त्याला मोनोफिनवर दुखापतच होणार.

मग घ्यायचा तरी कशाला? पाण्याला मागे ढकललं की आपण पुढे जातो. तेवढाच पुढचा रेटा मिळवायचा असेल तर थोडं पाणी जोरात ढकलता येतं किंवा पुष्कळ पाणी हळू ढकलता येतं. पण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात खर्च होते, म्हणून पुष्कळ पाणी हळू ढकलणं नेहमीच स्वस्त पडतं. मोठं पातं नेमकं तेच करतं. एका श्वासावर पाण्याखाली असताना ऑक्सिजनचा प्रत्येक घोट मोजून वापरायचा असतो, तिथे ही बचत फार मोठी आहे. 2016 मध्ये फिनलंडमधल्या तुर्कूला पोलंडच्या मातेउश मालिनाने तलावात मोनोफिनवर 300 मीटर अंतर कापलं. त्याच वर्षी त्याचं फिनशिवायचं अंतर 244 मीटर होतं. माणूस तोच, फुप्फुसं तीच. समुद्रातही हाच हिशेब आहे. आयडा ही फ्रीडायव्हिंगची आंतरराष्ट्रीय संघटना 2019 पासून दोन फिन्सचे विक्रम वेगळे मोजते, त्यावरूनच मोनोफिनने किती फरक पडतो ते कळावं.

मला स्वतःला ओढ लागली ती नतालिया मोल्चानोवामुळे. तरुणपणी जलतरणपटू, मग बरीच वर्षं खंड, आणि चाळिशीच्या आसपास फ्रीडायव्हिंगला सुरुवात. 2009 मध्ये शर्म अल शेखला मोनोफिन घालून ती 101 मीटर खाली गेली. अशी स्वतःच्याच बळावर खाली जाऊन वर येत शंभर मीटर ओलांडणारी ती पहिली बाई. तिच्या बुडीचं चित्रण मी पाहिलं तेव्हा खोलीपेक्षा तिच्या कंबरेची लय डोक्यात राहिली. कुठेही घाई नाही, जोर लावल्याचं दिसत नाही. तसं आपल्याला हलता यावं असं वाटलं.

मागून वापरलेला पहिला मोनोफिन शर्यतीचा होता. मोनोफिन मुळात फ्रीडायव्हिंगसाठी जन्मलेला नाही. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला सोव्हिएत संघात फिनस्विमिंगच्या शर्यतींसाठी तो वापरात आला, आणि त्या घराण्यातले मोनोफिन अजूनही तसेच असतात. जाड कडक रबराचे फूट पॉकेट, पात्याच्या सरळ रेषेत बसवलेले, आणि कडक पातं. असा मोनोफिन पायात घालणं हा एक कार्यक्रमच असतो. तलावाच्या काठावर बसायचं, बाटलीतलं साबणाचं पाणी दोन्ही पॉकेटमध्ये ओतायचं, चवडा आत सरकवायचा, मग टाचेची पट्टी दोन्ही हातांनी ओढून मागे चढवायची. एक पाऊल गेलं की दुसरं जास्त अवघड, कारण आता पहिलं पाऊल हलवता येत नाही. मला दरवेळी दुसऱ्या कुणीतरी पातं धरून ठेवावं लागे.

पाण्यात त्याचा रेटा जबरदस्त होता, यात शंकाच नाही. भिंतीवरून सुटल्यावर दोनतीन किक्समध्ये लेनचा मध्य मागे पडायचा. पण काही फेऱ्या झाल्या की करंगळीच्या बाजूने मुंग्या यायला लागत, मग तळव्यात गोळा. आमच्या गटातला अलिबागचा एक मुलगा माझा नेहमीचा बडी, म्हणजे पाण्यातला जोडीदार, आहे. त्याने एकदा मोनोफिन काढल्या काढल्या सांगितलं, "ताई, पाय बघ तुझा." करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट पांढरंफटक पडलं होतं आणि पावलाच्या वरच्या बाजूला, बुटाची कड जिथे येते तिथे, लाल आडवी रेघ उमटली होती. माप तर माझंच होतं, 38. लांबी बरोबर होती. अडचण रुंदीची होती. माझा चवडा रुंद आहे, लहानपण अनवाणी आणि चपलेत गेलेल्या आपल्याकडच्या पुष्कळ लोकांचा असतो तसा. बुटाच्या नंबरात लांबी कळते. चवड्याची रुंदी आणि पावलाच्या कमानीची उंची त्या नंबरात कुठेच येत नाही.

ही गोष्ट नुसत्या आरामाची नाही. पाय दुखत असला की अंग आखडतं, आखडलेलं अंग ऑक्सिजन जास्त खातं, आणि मन पावलात अडकलं की शरीर काय सांगतंय ते ऐकू येत नाही. पाण्याखाली गोळा आला तर दोन फिन्सवाला एक पाय सैल सोडून दुसऱ्याने वर येतो. मोनोफिनवाल्याला ती सोय नाही. म्हणून ज्या फूट पॉकेटमध्ये पाऊण तास बिनतक्रार राहता येत नाही, तो मोनोफिन कितीही स्वस्तात मिळत असला तरी नको. उलट सैल असेल तर पाऊल आत घसरतं, टाच उचलते, घासून फोड येतो आणि निम्मा जोर वाया जातो. पातळ निओप्रीनचे मोजे घालून थोडीफार भर घालता येते. एक-दोन मिलिमीटरचे मोजे घालून नीट बसेल असं माप मला सगळ्यात चांगलं वाटतं. थंड पाण्यात मोजे लागतातच, आणि उकाड्यात पावलं सुजली तर मोज्याशिवाय घालता येतं.

दुसरा मुद्दा घोट्याचा. याबद्दल विक्रेते फारसं बोलत नाहीत. सरळ रेषेत बसवलेल्या पॉकेटमध्ये पातं नडगीच्या रेषेत आणायचं तर घोटा पूर्ण ताणून पाऊल नर्तकीसारखं टोकदार ठेवावं लागतं. ज्यांना ते जमत नाही त्यांचं पातं खाली लोंबतं, पाणी अडवतं आणि पोटऱ्या भरून येतात. घरच्या घरी बघायचं असेल तर वज्रासनात बसा. पावलांचा वरचा भाग जमिनीला टेकलेला आहे, घोट्याखाली पोकळी नाही आणि त्या स्थितीत निवांत बसवतं, तर घोटे ठीक आहेत. मी वज्रासनात बसते खरी, पण ताण जाणवतो. शर्यतीच्या मोनोफिनमध्ये माझ्या पोटऱ्या का भरत होत्या ते तिथे कळलं.

यावरचा तोडगा फ्रीडायव्हिंगसाठी बनवलेल्या नव्या पद्धतीच्या मोनोफिनमध्ये असतो. त्यांना हायपरफिन म्हणतात. त्यांचे फूट पॉकेट पात्याला थोड्या कोनात बसवलेले असतात, त्यामुळे पाऊल नैसर्गिक, सैल स्थितीत असतानाही पातं नडगीच्या रेषेत राहतं. रबर मऊ असतं, आणि पावलांच्या दोन्ही बाजूंना पाणी कापत जाणारे पंखासारखे भाग असतात. दाहाबला असा एक मोनोफिन भाड्याने घेतला. पायात घालायला साबणाचं पाणी लागलं, पण दुसऱ्या कुणाची मदत लागली नाही. दोरावर उतरताना पाऊल आहे हेच विसरायला झालं. त्या दिवशी मला जे हवं होतं ते सापडलं असं म्हणायला हरकत नाही. राहिला प्रश्न फक्त पात्याचा.

पात्याच्या कडकपणाबद्दल मी प्रशिक्षकांशी पुष्कळ बोलले. डॉल्फिन किक, म्हणजे दोन्ही पाय जोडून मारायची किक, छातीतून सुरू होते, कंबरेतून मोठी होते आणि पायांतून पात्यात उतरते. आसुडाचा फटकारा मुठीतून निघून टोकाला पोचतो तशी ती लाट जायला हवी. पातं आपल्या ताकदीपेक्षा कडक असेल तर ते वाकत नाही. मग दुसरं काहीतरी वाकतं, आणि ते म्हणजे गुडघे. गुडघ्यातून मारलेली किक म्हणजे सायकल चालवण्यासारखा प्रकार होतो, मांड्या जळतात आणि कंबर दुखते. मऊ पात्यात जोर थोडा कमी मिळतो, पण लाट शिकता येते, आणि शिकलेली लाट पुढे कुठल्याही पात्यावर उपयोगी पडते. माझं वजन पंचावन्न किलोच्या आत आहे. माझ्यासारखीला मऊ पातं पुरतं. ऐंशी किलोच्या धिप्पाड माणसाला तेच पातं पाण्यात पानासारखं लवेल. समुद्रात थोडा कडकपणा कामी येतो हेही खरं. खाली जाताना पहिले दहा-पंधरा मीटर पाणी वर ढकलत असतं आणि तळातून वर निघताना शरीर जड झालेलं असतं, तेव्हा चार किक्स जोरदार लागतात. तरीही पहिल्या मोनोफिनला मऊ किंवा मऊ-मध्यम, त्यापुढे जाऊ नये असं माझं ठाम मत आहे.

माझी पारखायची रीत साधी होती. प्रत्येक मागून घेतलेल्या मोनोफिनवर भिंतीपासून भिंतीपर्यंत आरामात जायचं आणि दोन गोष्टी वहीत लिहायच्या: किती किक्स लागल्या आणि पोचल्यावर मांड्यांना काय वाटलं. शिवाय बडीने पाण्याखालून बाजूने चित्रण करायचं. चित्रणात मी हात बघायची. डोक्यापुढे ताणलेले हात वर-खाली होत असतील तर पातं आपल्याला हलवतंय. हात स्थिर आणि कंबर हलती असेल तर पात्याची सूत्रं आपल्याकडे आहेत. कडक पात्यावर माझे हात प्रत्येक किकला हलत होते. मऊ पात्यावर जवळजवळ स्थिर होते, आणि गंमत म्हणजे किक्सही फार वाढल्या नव्हत्या.

कार्बनचा प्रश्न माझ्यासाठी इथेच मिटला. कार्बन हलका असतो, वाकून चटकन परत येतो, मोठ्या खोलीवर जाणाऱ्यांना त्याचा फायदा होतच असणार. पण किंमत बरीच जास्त, आणि तो मार सहन करत नाही. तलावात वळताना पात्याची कड फरशीवर आपटते, समुद्रात खडकावरून पाण्यात उतरताना घासते. शिकण्याच्या काळात हे चुकत नाही. फायबरग्लास हे सगळं निमूटपणे सोसतं. पोहण्याच्या सरावासाठी फिनिससारख्या कंपन्यांचे आखूड रबरी मोनोफिनही मिळतात. लहान मुलांना किंवा नुसती लय शिकायची असेल त्यांना ते छान आहेत, पण दोरावर खाली जायचं असेल तर ते पुरे पडत नाहीत.

एक गोष्ट नाकाची. दोन फिन्सवर उतरताना एक हात नाकाला लावून कान मोकळे करायची सवय असते. मोनोफिनवर हात नाकाला गेला की खांद्याची रेषा मोडते आणि सगळी लाट बिघडते. म्हणून बरेच जण नोजक्लिप, नाक बंद ठेवणारी चिमटी, लावतात, म्हणजे दोन्ही हात पुढे ताणलेले राहतात. मीही मोनोफिनबरोबर नोजक्लिप घेतली. ती लावताना दरवेळी मला इथले मोती काढणारे पाणबुडे आठवतात. दुबईसमोरच्या याच पर्शियन आखातात ते कासवाच्या पाठीची किंवा हाडाची चिमटी नाकाला लावून बुडी मारायचे. चिमटीला म्हणायचे फिताम. पायाला दगड बांधून खाली जायचे आणि वरचा साथीदार दोराने ओढून घ्यायचा. त्यांनी काढलेल्या मोत्यांची मोठी बाजारपेठ आपली मुंबई होती. 1930 च्या सुमाराला जपानी संवर्धित मोती आले आणि हा धंदा बसला. पाणी तेच, चिमटीही जवळपास तीच. त्यांचे पाय मात्र मोकळे होते आणि ते पोटासाठी उतरत होते, हे विसरून चालणार नाही.

मोनोफिन बनवणारे बहुतेक जण लहान आणि हाताने काम करणारे आहेत. एस्टोनियात लीडरफिन्स, युक्रेनमध्ये स्टारफिन्स, ग्रीसमध्ये ट्रायगॉन्स, शिवाय मोल्चानोव्स. मागणी नोंदवल्यावर बनवायला काही आठवडे लागू शकतात, तेव्हा सुट्टीच्या तोंडावर मागवू नये. माप देताना मी बुटाचा नंबर नुसता टाकला नाही. संध्याकाळी, दिवसभर चालून पावलं जराशी फुगलेली असताना, निओप्रीनचे मोजे घालून वहीच्या कागदावर उभी राहिले आणि बडीने पेन्सिल सरळ उभी धरून दोन्ही पावलं आखली. लांबी, चवड्याची सगळ्यात जास्त रुंदी आणि कमानीवरून फिरवलेल्या टेपचा घेर, तिन्ही मापं मिलिमीटरमध्ये. डावं पाऊल उजव्यापेक्षा थोडं मोठं निघालं. पुष्कळांचं असं असतं, आणि माप मोठ्या पावलाचं द्यायचं. सोबत वजन, उंची, तलावात वापरणार की समुद्रात, हेही कळवलं. कोनातलं फूट पॉकेट, फायबरग्लासचं मऊ पातं. बनवणाऱ्याने उलट दोन प्रश्न विचारले, त्यातला एक चवड्याच्या रुंदीबद्दल होता. तिथे माझा जीव भांड्यात पडला. इथे दुबईत वस्तूवर पाच टक्के आयात शुल्क आणि त्यावर पाच टक्के व्हॅट पडला. भारतात मागवणाऱ्यांनी सीमाशुल्काचा अंदाज आधीच काढून ठेवावा, कारण खोकं मोठं आणि चपटं असतं, कुरिअरचा खर्चही लांबी-रुंदीवर लागतो.

खोकं उघडल्यावर आधी पातं उजेडासमोर धरून बुडबुडे किंवा चिरा आहेत का ते पाहिलं, पॉकेट आणि पात्याचा सांधा बोटाने चाचपला, मग कोरड्या पायाने, जमिनीवर बसून, मोजे घालून पाऊण तास पायात ठेवला. बोटं पांढरी पडली नाहीत. मगच पाण्यात नेला. वापर झाला की गोड्या पाण्याने धुऊन सावलीत आडवा ठेवते. उन्हात तापलेल्या गाडीत ठेवत नाही, कारण इथल्या उन्हाळ्यात रबर आणि त्याचा गोंद दोन्ही खराब होतात.

पुण्या-मुंबईतल्यांसाठी दोन शब्द. मोनोफिनचं पातं दुसऱ्याच्या अंगाला लागलं तर जखम होते, त्यामुळे गर्दीच्या तलावात तो चालत नाही. आधी तलावाच्या व्यवस्थापकांना भेटून रिकामी लेन मिळते का ते विचारा, मिळाली तरच मागवा. मालवणच्या किनाऱ्याजवळच्या उथळ, खडकाळ आणि होड्यांनी गजबजलेल्या पाण्यात मी तरी मोनोफिन नेणार नाही. आणि तलाव कमरेएवढा असला तरी एकट्याने कधीही, अगदी कधीही नाही. काठावरून लक्ष ठेवणारा जीवरक्षक म्हणजे बडी नव्हे. बडी पाण्यात, हाताच्या अंतरावर हवा, आणि वर आल्यावरही किमान अर्धा मिनिट त्याची नजर आपल्यावर हवी.

समुद्रात नवा मोनोफिन नेल्यावर वजनांचा हिशेब नव्याने मांडावा लागला. पातं आणि रबर यांचं पाण्यातलं वजन सुट्या फिन्सपेक्षा वेगळं पडतं. फुजैराला दहा मीटरवर थांबून मी वर जाते की खाली ते तपासलं आणि कमरेचं थोडं वजन काढून मानेवर घेतलं, तेव्हा शरीर सरळ रेषेत आलं. सध्या खोली वाढवत नाही. जुन्याच खोलीवर, नोजक्लिप लावून, हात पुढे ठेवून कान वेळेवर मोकळे होतात का एवढंच बघते. ते न चुकता व्हायला लागलं की मध्यम पातं मागून घेऊन पुन्हा वहीत टिपणं करीन.